दरवर्षी नवे राहते घर

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. किमतीच्या केवळ पाच टक्के रक्कम भरून घर घ्यायचे, वर्षभर राहून ते भाड्याने द्यायचे आणि पुन्हा तसेच दुसरे घर घ्यायचे, असा त्याचा बेत आहे. इंदिरानगरातील आमच्या फ्लॅटसाठी बँकेने वीस टक्के आमच्याकडून भरून घेतले होते. हे कायद्यात बसते का? त्याला पैसे पाठवावेत का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बसते, मात्र तो तिथे खरोखर राहणार असेल तरच. पाच टक्क्यांची सवलत राहत्या घरापुरती असते. भाड्यासाठी घेतलेल्या घराला साधारणपणे किमान पंधरा टक्के भरावे लागतात आणि व्याजही चढे असते. त्यामुळे साठ दिवसांत राहायला जाईन व किमान एक वर्ष राहीन, असे कर्जदाराकडून लिहून घेतात. सही करतानाच मनात वेगळे असेल, तर ती फसवणूक ठरते आणि तिला तीस वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. दुसऱ्या घराच्या वेळी ‘पहिले का सोडता?’ या प्रश्नाला पटणारे उत्तर लागते. साडेतीन टक्क्यांच्या सरकारी विम्याच्या एफएचए कर्जाचा विचार त्याने करूच नये, कारण मे २०२५पासून ते एच-१बीधारकांना मिळत नाही.

माझी खरी काळजी वेगळी आहे. चार लाख डॉलरच्या घरात त्याचे स्वतःचे वीस हजार असतील. भाव पाच टक्के उतरले की ते संपले. वीस टक्क्यांपेक्षा कमी भरल्यामुळे कर्जविम्याचा हप्ता वेगळाच. दुसरे कर्ज देताना बँक अपेक्षित भाड्याचे साधारण पंचाहत्तर टक्केच उत्पन्न म्हणून धरते, कारण घर अधूनमधून रिकामे राहते आणि दुरुस्तीही निघते. त्यात नोकरी गेली, तर एच-१बीधारकाला दुसरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. त्या काळात दोन घरांचे हप्ते चालूच राहतील. म्हणून सहा महिन्यांचे दोन्ही हप्ते बाजूला असल्याशिवाय दुसरे घर नको, असे मी सांगेन.

पैसे पाठवलेत, तर ते परत घेणार नाही असे पत्र तिथली बँक तुमच्याकडून मागेल. घरात हातउसने ठरवून कागदावर भेट लिहू नका. वर्षात दहा लाख रुपयांवर रक्कम गेली, तर वरच्या रकमेवर इथली बँक वीस टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, कापते. तो तुमच्या प्राप्तिकरात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो.