कासवांबद्दल गावात पहिल्यांदाच बोलणार असाल तर

सगळे वन्यजीव एकदम घेऊ नका. कोकणच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले हे समुद्री कासव अंडी घालायला येतं, तेवढंच धरा.

पहिली बैठक शाळेत नको, मासळी उतरते तिथे घ्या. पहाटे वाळूवर आळीपाळीने उमटलेला वल्ह्यांसारख्या पायांचा माग आधी कोळ्यांनाच दिसतो. त्यांचं ऐकून घ्या. अंडी नेणाऱ्याला चारचौघांत चोर म्हणालात, की पुढच्या घरट्याची खबर तुमच्यापर्यंत येणारच नाही.

पंधरा मिनिटं बोला, पुरे. घरट्यात साधारण शंभर अंडी, पिल्लं निघायला ४५ ते ५५ दिवस, अंडी उकरणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या गावकऱ्यांनी घरटी राखली आणि कासवं पाहायला येणाऱ्यांची घरोघरी सोय केली, हे जरूर सांगा. लोकांना ते पटतं.

नव्यांच्या नेहमीच्या चुका:
- पिल्लू तळहातावर घेऊन फोटो. बघणारा तेच करतो.
- बॅटरी, फ्लॅश. पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्र चुकतो.
- पिल्लू उचलून थेट पाण्यात सोडणं. वाळूवरून त्याला स्वतः जाऊ द्या.
- घरट्याची जागा ग्रुपवर टाकणं. ती फक्त वनविभागाला कळवा.

नोव्हेंबरपासून माद्या येऊ लागतात, म्हणून बैठक दिवाळीच्या आधीच उरकून घ्या.