साडेतीन टक्के महिन्याचे असतात

पुण्याहून 32 वर्षांच्या एका वाचकाने विचारलंय: ‘स्टार सिटिझन’ या अवकाश-गेममधली 1 लाख 40 हजारांची जहाजं क्रेडिट कार्डावर घेतली आहेत. आणखी 60 हजारांची घ्यावीत, की क्राउडफंडिंगवरच्या, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन बनणाऱ्या, एखाद्या नव्या गेममध्ये सुरुवातीलाच शिरावं? जाता जाता लिहिलंय, ‘कार्डाला साडेतीन टक्केच व्याज, 2 लाखांच्या एफडीला सात मिळतात, म्हणून एफडी मोडली नाही. दरमहा किमान रक्कम, 7 हजार, भरतो.’

गेम बाजूला ठेवा. कार्डाचे साडेतीन टक्के महिन्याचे असतात, एफडीचे सात टक्के वर्षाचे! वर्षाचे 42, वर व्याजावर जीएसटी, म्हणजे पन्नासच्या घरात. तुमच्या 7 हजारांतले जवळजवळ 5,800 व्याज आणि जीएसटीत जातात, मुद्दल फिटतं जेमतेम 1,200. एफडी मात्र वर्षाला 14 हजार देते, तेही करपात्र. कार्ड देताना हे कुणी समजावलं नाही याचा मला संताप येतो.

एफडी याच आठवड्यात मोडा, कार्ड पूर्ण फेडा. दंड हजार-दोन हजारांचा. उरलेल्या 60 हजारांत तेच 7 हजार दरमहा टाका, 20 महिन्यांत 2 लाख पुन्हा उभे राहतील.

आता गेम. क्राउडफंडिंगवरचेच तीन अवकाश-गेम बघा. ‘एफटीएल’ने 2012 मध्ये 10 हजार डॉलर मागितले, 2 लाख मिळाले आणि त्याच वर्षी गेम आला, मागणी छोटी होती, काम बरंच झालेलं होतं. ‘एलीट डेंजरस’ने साडेबारा लाख पौंडांचं लक्ष्य ठेवलं, दोन वर्षांत गेम दिला, पण कबूल केलेला ऑफलाइन खेळ ऐनवेळी वगळला. ‘स्टार सिटिझन’ही 2012 चाच, 2014 मध्ये यायचा होता. जहाजं विकत विकत 70 कोटी डॉलरपलीकडे गेला, तरी 2024 संपताना अल्फातच, म्हणजे अर्धवट चाचणीच्या अवस्थेतच, होता.

या तिन्हींत पैसे देणाऱ्याला मालकी नाही. 2018 मध्ये बाहेरच्या गुंतवणूकदारांनी ‘स्टार सिटिझन’च्या कंपनीत सुमारे 4 कोटी 60 लाख डॉलर घातले, त्यांना साधारण 10 टक्के हिस्सा मिळाला. तुम्हाला जहाज मिळालं. ते चढ्या भावाने विकलं जाईल ही आशा हिशेबात धरू नका.

60 हजारांची जहाजं घेऊ नका. नवा गेम आवडला तर बाहेर पडल्यावर घ्या, यूपीआयने.