‘पिशवी उलटी झाली’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: डॉक्टर, दोन महिन्यांपूर्वी माझ्या वहिनीची नॉर्मल डिलिव्हरी झाली. बाळ रडलं, आम्ही बाहेर खूश, आणि थोड्याच वेळात आत एकच धावपळ. ‘पिशवी उलटी झालीय, रक्त लागेल, सही करा’ एवढंच सांगितलं. आता ती बरी आहे. पण आई म्हणते हे अंग बाहेर येणंच, मावशी म्हणते नाळ ओढली म्हणून झालं, आणि मला सोनोग्राफीत ‘तुमची पिशवी उलटी आहे’ असं सांगितलंय त्यामुळे मी धास्तावलेय. वहिनीला पुढच्या वेळी परत होईल का?

उत्तर: आधी तुमची धास्ती काढू. तुमची पिशवी मागे झुकलेली आहे, रेट्रोव्हर्टेड, साधारण पाचातल्या एकीची तशी असते आणि त्याचा वहिनींच्या प्रकाराशी काही संबंध नाही. (सोनोग्राफीवाल्यांनी हा ‘उलटी’ शब्द सोडला तर निम्म्या बायकांची झोप परत येईल.) आईंचं म्हणाल तर अंग बाहेर येतं तेव्हा पिशवी सुलटीच असते, फक्त खाली घसरते, तेही सहसा हळूहळू. वहिनींचं तिसरंच. खिसा आतून बाहेर ओढला की त्याचं अस्तर दिसतं ना, तसं पिशवीचं वरचं टोक आत खचून तोंडातून खाली आलं. हजारो बाळंतपणांत एखादीला होतं.

मावशी अगदीच चुकीचं बोलत नाहीत. वार (प्लासेंटा) अजून सुटलेली नाही, पिशवी सैल आहे आणि त्यात नाळ जोरात ओढली किंवा वरून पोट दाबलं तर असं होऊ शकतं. म्हणून नाळ ओढताना दुसऱ्या हाताने ओटीपोटावरून पिशवी वर रोखून धरायची असते. पण वार नेमकी वरच्या टोकालाच चिकटलेली असेल, खोल रुतलेली असेल, नाळ आखूड असेल तर सगळं नीट करूनही होतं, तेव्हा त्या खोलीत काय झालं ते मी इथे बसून सांगणार नाही.

ओळखायचं कसं, तर बाळंतपणानंतर बेंबीच्या आसपास पिशवीचा कडक गोळा हाताला लागतो, तो लागतच नाही, हात आत जातो आणि खाली मात्र काहीतरी मऊ लालसर येतं. रक्त तर जातंच, पण बीपी त्या मानानेही जास्त पडतं, कधी नाडी उलट मंद होते कारण आतल्या नसा ताणल्या जातात.

मग खरी घाई. पिशवी आवळणारं ऑक्सिटोसिन आधी बंद, सलाईन आणि रक्त चालू, आणि वार चिकटलेली असेल तर ती तशीच ठेवायची, काढायला गेलं की रक्त आणखी जातं. तळहातात ते टोक धरून बेंबीच्या दिशेने वर ढकलायचं, ही जॉन्सन यांची १९४९ची पद्धत आजही पहिली. उशीर झाला की पिशवीचं तोंड फासासारखं आवळतं, मग सैल करायचं औषध किंवा भूल द्यावी लागते, किंवा योनीत कोमट सलाईन सोडून त्याच्या दाबाने पिशवी वर न्यायची (ओ’सुलिव्हन, १९४५). त्यानेही नाही जमलं तर पोट उघडून. जागेवर गेली की लगेच हात काढत नाहीत, ऑक्सिटोसिन परत चालू करून पिशवी घट्ट होईपर्यंत आत धरून ठेवतात, हात भरून येतो पण सोडायचा नाही.

पुढच्या वेळी? परत होऊ शकतं, धोका इतरांपेक्षा जास्त, पण होईलच असं मुळीच नाही. बाळंतपण मात्र रक्त, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर हाताशी असेल तिथेच करा. आणि आज एक काम करा, डिस्चार्ज कार्ड काढून बघा. त्यावर नुसतं ‘पीपीएच’ म्हणजे जास्त रक्तस्राव एवढंच लिहिलं असेल तर जाऊन ‘युटेराइन इन्व्हर्जन’ (म्हणजे हेच, पिशवी उलटी होणं) आणि पिशवी कशी बसवली ते लिहून घ्या, पुढच्या डॉक्टरांना ते दुसरीकडून कळणार नाही.