आभाराचं पत्र आणि क्लेमची फाईल एकत्र करू नका

नमस्कार. तुमची पोस्ट वाचली. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर भाड्याची गाडी उलटली, पत्नीच्या मांडीच्या हाडात रॉड, मुलाच्या पोटावर बेल्टचा वळ, सासूबाईंना मुका मार, आणि आता सगळे कोथरूडला घरी. देवाची कृपा, दुसरं काय म्हणणार. पोस्टच्या शेवटी तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. ज्यांनी वाचवलं त्यांचे आभार कसे मानायचे, आणि प्रवास विम्याचे क्लेमवाले एफआयआर आणि 'शिक्का-सहीचं' डिस्चार्ज कार्ड मागताहेत ते कुठून आणायचं. दुसरा प्रश्न वाचून हसावं की रडावं कळेना. अगदी याच शब्दांत आम्हालाही हेच ऐकवलं गेलं होतं.

पासपोर्टच्या झेरॉक्स, बोर्डिंग पास, पॉलिसीची प्रत वगैरे तुम्ही जमवलेलंच असेल, त्यावर वेळ घालवत नाही. मी वकील नाही, विमा एजंटही नाही. तुमच्या पॉलिसीत लिहिलेलं शेवटी खरं.

आधी आभार. हॉस्पिटलला पत्र लिहाल तर ते वॉर्डच्या नावाने लिहा. नुसतं सर्जनच्या नावाने लिहिलं की रात्रपाळीच्या नर्सपर्यंत ते पोचत नाही, आणि खरी सेवा तिनेच केलेली असते. डिस्चार्ज समरीवर वॉर्ड आणि तारखा असतात, त्या पत्रात घाला. रस्त्यावर थांबून मदत करणाऱ्या अनोळखी जोडप्याचं नाव-पत्ता पोलीस सहसा देणार नाहीत, पण घटनेचा क्रमांक देऊन 'हे पत्र त्यांच्यापर्यंत पोचवाल का' अशी विनंती करता येते. पत्रात अपघात कसा झाला, चूक कोणाची, यावर एक अक्षरही लिहू नका. निष्काळजी ड्रायव्हिंगमुळे इजा हा तिथे गुन्हा आहे. ते प्रकरण मिटलंय याची खात्री नसेल तर 'माझ्याकडूनच वेग जास्त झाला' हे भावनेच्या भरात लिहिलेलं वाक्य नको तिथे जाऊन बसतं.

आणि त्याच पत्रात 'जाता जाता एक्स-रेची सीडी पाठवाल का' असं तर मुळीच नको. आभाराचं पत्र वॉर्डातल्या बोर्डावर लागतं, रेकॉर्डची मागणी वेगळ्या टेबलावर जाते. दोन्ही एकत्र केलीत की दोन्ही बोंबलतात.

मिठाई पाठवू नका. मला माहितीये, चितळ्यांची बाकरवडी पाठवल्याशिवाय आपलं समाधान होत नाही. पण त्या देशाचे जैवसुरक्षेचे नियम फार कडक आहेत. दुधाचे पदार्थ, मध, बिया असलेलं पार्सल अडकतं, बऱ्याचदा नष्टच करतात. मुलाने काढलेलं चित्र आणि घरातल्या सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड पाठवा. रोख पैसे किंवा महागडी भेट हॉस्पिटलच्या लोकांना घेता येत नाही, त्यांना अवघडायला लावू नका. हेलिकॉप्टरने नेलं असेल तर ती सेवा सरकारी पैशांबरोबर देणग्यांवरही चालते. तिला थेट वेबसाइटवरून देणगी देता येते. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरातली ८०जी ची सवलत मिळत नाही, तेवढं सीएला आधी सांगून ठेवा म्हणजे मार्चमध्ये वाद नको. रक्तदान करून ऋण फेडायचं मनात असेल तर घरातल्या धडधाकट माणसांनी करावं. पत्नीला तिथे रक्त चढवलं असेल तर त्यांनी निदान वर्षभर थांबायचं.

आता मुख्य दुखणं.

पत्नीचं ऑपरेशन तिथे मोफत झालं, आणि नेमकं हेच इथल्या दावा-कार्यालयाच्या डोक्यात शिरत नाही. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून एसीसी नावाची सरकारी व्यवस्था आहे. अपघातात इजा झाली की चूक कोणाची हे न बघता उपचाराचा खर्च ती उचलते, पर्यटकाचासुद्धा. डॉक्टर तिथेच फॉर्म भरतात आणि एक क्लेम नंबर तयार होतो. इजेच्या उपचाराचं लाखांचं बिल तुमच्या हातात येतच नाही. इथला बाबू मात्र 'ओरिजिनल पेड बिल'वर अडून बसतो. बिल नाही तर ॲडमिशनच झाली नसेल, असा त्याचा हिशेब! त्यात एफआयआर हवा. तिथे आपल्यासारखा एफआयआर नसतो, पंचनामा नसतो. पोलिसांचा अपघात अहवाल असतो. डिस्चार्ज समरी संगणकातून निघते, त्यावर गोल जांभळा शिक्का नसतो, कित्येकदा शाईची सहीही नसते. आमच्या वेळी ज्या कार्यालयाशी गाठ पडली (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही), तिथे दर वेळी नवी त्रुटी निघायची. एक कागद दिला की दुसरा. शेवटी तर दूतावासाचा शिक्का आणा म्हणाले. फोनवर गोड बोलायचे, लेखी काहीच नाही.

तुम्ही हे करा. फोन बंद. एकच ईमेल पाठवा: 'माझ्या दाव्यातल्या सगळ्या त्रुटी एकाच पत्रात, पॉलिसीच्या कलमांच्या क्रमांकासह कळवा.' कलम विचारलं की अर्ध्या मागण्या आपोआप गळून पडतात, कारण 'शिक्का' असं कलम सहसा नसतंच. दूतावास, नोटरी, अपोस्टिल (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण) या फेऱ्यात कलम दाखवल्याशिवाय अजिबात पडू नका. पैसे आणि महिने दोन्ही जातात.

एफआयआरच्या जागी पोलिसांचा अहवाल लावा. तो आणि हॉस्पिटलची पूर्ण फाईल तिथल्या २०२० च्या प्रायव्हसी कायद्याखाली मागता येते. तुमचीच माहिती असल्याने २० कामकाजाच्या दिवसांत त्यांना उत्तर द्यावं लागतं. पासपोर्टची प्रत आणि पत्नीची संमतीची सही लागेल, ती त्यांनी स्वतः करायची, तुम्ही नाही. बिलाच्या जागी एसीसीचं क्लेम नंबर असलेलं पत्र. वर स्वतःचं एक पान जोडा: 'उपचाराचा खर्च या व्यवस्थेने केला, तो मी मागत नाही. मी पुढील खर्च मागतो.'

आणि तो 'पुढील खर्च' नीट मांडा, कारण खरा क्लेम तोच. बदललेली तिकिटं, घरच्यांचा हॉटेलमधला वाढीव मुक्काम, पाय लांब ठेवायला घेतलेल्या जादा सीट, हे काहीही एसीसी देत नाही. सीटच्या पावतीबरोबर विमान कंपनीने भरून घेतलेला मेडिफ फॉर्म (आजारी प्रवाशाच्या वैद्यकीय माहितीचा) जोडा, नाहीतर 'आरामासाठी घेतली' म्हणून उडवतात. सासूबाईंची शुगर तिथे वाढली आणि त्याचे वेगळे पैसे घेतले असतील तर ते आजारपण, अपघात नव्हे. वेगळ्या कलमाखाली मागा. आधीचा मधुमेह जाहीर केला नसेल तर त्या रकमेची फार आशा धरू नका. गाडीच्या नुकसानीचा एक्सेस (आपल्या खिशातून भरायचा वाटा) बहुतेक प्रवास पॉलिसींत नसतो, तपासून बघा.

तरीही अडवलं तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. फी नाही, वकील चालत नाही, कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत जायचं. कार्यालय आपल्या पुण्यातच आहे, नारायण पेठेत, केळकर रस्त्यावर. गाडी घेऊन जाऊ नका, पार्किंग शोधण्यातच तारीख निघून जाईल.

हॉस्पिटलची फाईल मागताना 'ऑपरेशन नोट, इम्प्लांट लेबलसह' असे शब्द मुद्दाम लिहा. रॉड बसवताना त्याच्या पाकिटावरचं छोटं स्टिकर फाईलमध्ये चिकटवतात. त्यावर कंपनी, व्यास आणि लांबी मिलिमीटरमध्ये, लॉट नंबर. नुसत्या डिस्चार्ज समरीत ते नसतं. पुढे कधी रॉड काढायचा ठरला (काढायचा की नाही हे हाडांचे डॉक्टर ठरवतील) तर रॉडच्या टोकाच्या आट्यांना आणि स्क्रूच्या डोक्याला बसणारी हत्यारं त्याच मापाची लागतात. कुठे षट्कोनी खाच, कुठे चांदणीसारखी. लेबल नसेल तर सर्जनला अंदाजाने सेट मागवावा लागतो, आणि बसला नाही तर हाड जास्त उकरावं लागतं. एक्स-रे पण डायकॉम (मूळ डिजिटल) फाईलमध्येच मागा, मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून कोन मोजता येत नाही. हॉस्पिटलने लिंक पाठवली तर त्याच दिवशी उतरवून घ्या, अशा लिंका मुदतीच्या असतात.

मुलाच्या पोटावरचा वळ फिका झाला तरी बालरोगतज्ज्ञांना अपघाताचं सगळं सांगून ठेवा. बेल्टच्या वळाखाली आतड्याला मार बसलेला असू शकतो आणि त्याचा त्रास कधीकधी काही आठवड्यांनीही दिसतो. पोटात कळ, पोट फुगणं किंवा हिरवट उलटी झाली तर 'बाहेरचं खाल्लं असेल' म्हणून वाट बघू नका, थेट हॉस्पिटल.

त्रुटींचं पत्र आलं की पॉलिसी नंबर आणि नावं झाकून इथे टाका, कलमानुसार उत्तर लिहायला मी मदत करेन.