धावण्याच्या शर्यतीत उच्चांक की विक्रम?

एका वाचकाचा प्रश्न असा: "१०० मीटर शर्यतीच्या बातमीत 'धावपटूने नवा उच्चांक नोंदवला' असे वाचले. वेळ तर आधीपेक्षा कमी लागली होती, मग त्याला नीचांक म्हणायला नको का? की उच्चांक आणि विक्रम हे एकाच अर्थाचे शब्द आहेत?"

आधी थोडक्यात उत्तर देतो. तुमची शंका रास्त आहे, शर्यतीच्या वेळेला उच्चांक म्हणणे खटकते. पण नीचांक त्याहून वाईट. तिथे विक्रम लिहावे. आणि हे दोन शब्द समानार्थी मुळीच नाहीत. मैदानी खेळांच्या आकडेवारीत त्यांच्यातला फरक इतका स्वच्छ दिसतो की दुसरीकडे कुठे तसा दिसणार नाही.

उच्चांक म्हणजे सर्वांत वरचा अंक. तापमानाचा उच्चांक, गर्दीचा उच्चांक, बाजारभावाचा उच्चांक. आकडा चढत जातो आणि एका ठिकाणी सर्वांत वर पोहोचतो, एवढेच तो शब्द सांगतो. लांब उडी, उंच उडी, गोळाफेक, थाळीफेक यांत आकडा वाढणे हीच प्रगती असते, म्हणून तिथे उच्चांक खपून जातो. शर्यतीत उलटे असते. १९१२ साली आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघ स्थापन झाला आणि १०० मीटरचा पहिला अधिकृत विक्रम त्याच वर्षी स्टॉकहोममध्ये डोनाल्ड लिपिनकॉटच्या नावावर लागला: १०.६ सेकंद. १६ ऑगस्ट २००९ रोजी बर्लिनमध्ये युसेन बोल्टने तेच अंतर ९.५८ सेकंदांत कापले. जवळजवळ शंभर वर्षांची ही सगळी धडपड आकडा एका सेकंदाने खाली आणण्यासाठी झाली. तिला उच्चांक म्हटले की वाचणाऱ्याच्या मनात चित्र उलटे उभे राहते.

उच्चांकाच्या बाजूने काहीजण सांगतात की इथे उंची कामगिरीची आहे, सेकंदांची नाही. वेगाच्या हिशेबात ते खरेही आहे. बोल्टची वेळ सरासरी वेगात मांडली तर ताशी साडेसदतीस किलोमीटरच्या किंचित वर जाते, आणि वेगाचा तो उच्चांकच होईल. पण बातमीत लिहिलेले असतात सेकंद, वेग नव्हे. शब्दात 'अंक' आहे, तेव्हा तो समोर छापलेल्या अंकाशी जुळायला हवा.

मग नीचांक का नको? मराठीत तो शब्द घसरणीसाठी रुळला आहे. धरणातल्या पाणीसाठ्याचा नीचांक, चलनाच्या दराचा नीचांक, मतदानाच्या टक्केवारीचा नीचांक. ऐकताक्षणी काहीतरी बिघडले असे वाटते. आयुष्यातली सर्वांत चांगली शर्यत धावलेल्या माणसाच्या नावापुढे तो लावणे मला बरोबर वाटत नाही. शिवाय आकड्याच्या हिशेबानेही नीचांक प्रत्येक वेळी खरा ठरत नाही. जून १९६८ मध्ये जिम हाइन्सची वेळ हाताने चालवलेल्या स्टॉपवॉचवर ९.९ सेकंद भरली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये स्वयंचलित घड्याळाने त्याची वेळ ९.९५ दाखवली. १९७७ पासून महासंघाने कमी अंतराच्या शर्यतींसाठी फक्त स्वयंचलित, शतांश सेकंदापर्यंतची वेळ धरायचे ठरवले आणि ९.९५ हा विक्रम झाला. नुसता आकडा पाहाल तर विक्रम ९.९ वरून ९.९५ वर, म्हणजे मागे गेला. प्रत्यक्षात तो अधिक काटेकोर मापाने मोजला गेला. हाताने बटण दाबणारा माणूस पिस्तुलाच्या आवाजानंतर क्षणभर उशिरा दाबतो, त्यामुळे हातावरची वेळ थोडी कमीच भरते.

मिल्खासिंगांच्या बाबतीत हेच घडले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरमध्ये ते चौथे आले. त्यांची हातावरची वेळ ४५.६ आणि स्वयंचलित घड्याळावरची ४५.७३. १९९८ मध्ये परमजितसिंग ४५.७० सेकंदांत धावला, तेव्हा भारतीय विक्रम मोडला की नाही यावर वाद झाला, कारण एक आकडा तो मोडत होता आणि दुसरा मोडत नव्हता. अशा ठिकाणी नीचांक कोणाचा, हे नुसते आकडे लावून ठरत नाही.

आता विक्रम या शब्दाकडे येतो. या शब्दावर माझे फार प्रेम आहे. विक्रम म्हटले की पराक्रम, शौर्य, विक्रमादित्य हेच आपल्याला आठवते. पण त्याचा धातू आहे क्रम्, म्हणजे पाऊल टाकणे. 'वि' मध्ये दूर, वेगळे होण्याचा भाव आहे. पाय लांब फाकून टाकलेले पाऊल, थोडक्यात ढांग, तो विक्रम. ऋग्वेदात विष्णूने तीन पावलांत विश्व व्यापले ते सांगताना 'इदं विष्णुर्वि चक्रमे त्रेधा नि दधे पदम्' असे म्हटले आहे. त्यातले 'वि चक्रमे' हे विक्रमाचेच क्रियापद, आणि तीन ढांगा टाकणारा तो त्रिविक्रम. लांब ढांग टाकण्याचे बळ ज्याच्यात, तो पराक्रमी, अशा वाटेने शब्द पुढे शौर्यापर्यंत पोहोचला. पराक्रम, आक्रमण, अतिक्रमण, परिक्रमा ही सगळी त्याच घरातली मंडळी. शर्यतीत लागणारा 'क्रमांक'सुद्धा त्यांच्यातलाच. मराठीने तर 'क्रमणे' हे क्रियापदही जपून ठेवले आहे. आपण वाट क्रमतो आणि काळही क्रमतो. अंतर आणि वेळ दोन्ही एकाच क्रियापदात आली आहेत, आणि मैदानी खेळांची सगळी आकडेवारी याच दोन गोष्टींची असते.

म्हणजे हिंदीत ज्याला कीर्तिमान म्हणतात त्यासाठी मराठीने जो शब्द निवडला, त्याचा मूळ अर्थच धावणाऱ्याची ढांग असा निघतो. बर्लिनमध्ये बोल्टने ते शंभर मीटर सुमारे ४१ ढांगांत संपवले. विक्रम करणे हे शब्दशः आणि लक्षणेने असे दोन्ही अर्थांनी तिथे घडले.

तिहेरी उडीत हे आणखी जवळून दिसते. ज्या पायावर झेप घेतली त्याच पायावर पहिल्यांदा उतरायचे, दुसऱ्यांदा दुसऱ्या पायावर, आणि तिसरी उडी थेट वाळूत. तीन ढांगांचा खेळ. ७ ऑगस्ट १९९५ रोजी गोथेनबर्गच्या जागतिक स्पर्धेत जोनाथन एडवर्ड्सने पहिल्या प्रयत्नात १८.१६ मीटर उडी मारली. अठरा मीटरच्या पलीकडची ती पहिली विक्रमी उडी. दुसऱ्याच प्रयत्नात त्याने १८.२९ मीटर गाठले. एकामागोमाग दोन विश्वविक्रम. त्याला त्रिविक्रम म्हणायचा मोह मला दरवेळी होतो.

याच एडवर्ड्सच्या नावापुढे १८.४३ मीटरची उडीही आहे, त्याच वर्षी जूनमध्ये फ्रान्समधल्या लीलजवळ मारलेली. ती १८.२९ पेक्षा लांब आहे, पण विक्रम नाही, कारण तेव्हा पाठीमागून सेकंदाला २.४ मीटर वेगाने वारा वाहत होता आणि विक्रमासाठी मर्यादा आहे २.० मीटर. इथे उच्चांक आणि विक्रम यांच्या वाटा वेगळ्या होतात. त्याच्या उड्यांतला सर्वांत मोठा आकडा, म्हणजे उच्चांक, १८.४३. त्याचा विक्रम १८.२९. उच्चांक ही आकड्याची वस्तुस्थिती असते. विक्रम ही नियमांत बसलेली, मोजमाप तपासून मान्य झालेली कृती असते.

हा भेद एकदा कळला की आकडेवारीची पाने वाचताना अडखळायला होत नाही. भालाफेकीत १९८४ मध्ये पूर्व बर्लिनला उवे होनने १०४.८० मीटर भाला फेकला. भाले मैदानाच्या टोकापर्यंत जायला लागले, शिवाय ते आडवे पडत असल्याने टोक आधी टेकले की नाही हे ठरवणेही कठीण होऊ लागले. म्हणून १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवला आणि विक्रमांची यादी नव्याने सुरू केली. नव्या भाल्याने यान झेलेझ्नीने १९९६ मध्ये येना येथे ९८.४८ मीटर फेक केली. भालाफेकीचा उच्चांक होनचा, विक्रम झेलेझ्नीचा, असे लिहिले तर एकाही शब्दाची ओढाताण होत नाही. मॅरेथॉनमध्ये एलियुड किपचोगे ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत धावला. वेग धरून देणारे धावपटू आळीपाळीने बदलले जात होते आणि ती खुली स्पर्धाही नव्हती, म्हणून तो विक्रम ठरला नाही. त्याला मी 'तोवरची सर्वांत कमी वेळ' म्हणेन, साध्या शब्दांत.

उच्चांकाला धावण्यात अजिबात जागा नाही असेही नाही. एक तासाच्या धावेत वेळ ठरलेली असते आणि अंतर मोजतात. सप्टेंबर २०२० मध्ये ब्रुसेल्सला मो फराह तासाभरात २१,३३० मीटर धावला, तिथे आकडा वर जातो. डेकॅथलॉनच्या, म्हणजे दहा मैदानी प्रकार मिळून होणाऱ्या स्पर्धेच्या, गुणांचेही तसेच. त्याचे सूत्र पाहण्यासारखे आहे. १०० मीटरसाठी १८ सेकंदांतून खेळाडूची वेळ वजा करतात. लांब उडीत उलट, खेळाडूच्या अंतरातून २.२० मीटर वजा करतात. मग त्या वजाबाकीचा घात काढून गुण देतात. उतरती वेळ आणि चढते अंतर असे एकाच चढत्या गुणसंख्येत आणले जाते. २०१८ मध्ये केविन मायेरने ९,१२६ गुण मिळवले, त्याला गुणांचा उच्चांक म्हणायला माझी काहीच हरकत नाही.

वाक्यरचनेबद्दल थोडेसे. 'दहा सेकंदांच्या खाली धावला' असे हल्ली सर्रास दिसते. त्याची गरज नाही, मराठीत 'आत' आहे. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला रॉजर बॅनिस्टरने ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत मैल पूर्ण केला, म्हणजे चार मिनिटांच्या आत. जेसी ओवेन्सने १९३५ मध्ये ८.१३ मीटर उडी मारली, म्हणजे आठ मीटरच्या पलीकडे. आत आणि पलीकडे या दोन शब्दांत दिशेचा सगळा घोळ मिटतो. तुलना करायची तर 'सरस' आहे: सरस वेळ, सरस फेक. आकडा चढो वा उतरो, सरस दोन्हीकडे चालतो. 'विक्रम उंचावला' हे मात्र उडी आणि फेकीपुरते ठेवावे, शर्यतीत 'विक्रम सुधारला' म्हणावे.

क्रियापदांतही भाषेने भेद ठेवला आहे. उच्चांक गाठतात, विक्रम करतात. विक्रम 'तोडणे' हे हिंदीचे वळण, मराठीत विक्रम मोडतो. आणि आकडा ओलांडला म्हणजे विक्रम मोडलाच असे होत नाही. १९६८ मध्ये मेक्सिको सिटीत बॉब बीमनने लांब उडीत ८.९० मीटरचा विक्रम केला, आधीच्या विक्रमाच्या तब्बल ५५ सेंटिमीटर पुढे. ३० ऑगस्ट १९९१ रोजी टोकियोत कार्ल लुइसने ८.९१ मीटर उडी मारली, पण वारा २.९ मीटरचा होता. लुइसने बीमनचा आकडा ओलांडला. त्याच स्पर्धेत पुढच्या फेरीत माइक पॉवेलने ८.९५ मीटर उडी मारली, वारा ०.३ मीटर. पॉवेलने बीमनचा विक्रम मोडला.