घटस्फोट चालू असताना जुनी मोटरसायकल घेऊन ती कस्टम बांधावी का?

तुम्ही लिहिलंय की घटस्फोटाचं प्रकरण चालू आहे, एक जुनी, बरीच वर्षं उभी असलेली सिंगल सिलिंडर गाडी मिळते आहे, तिची कॅफे रेसर (जुन्या रेसिंग गाडीच्या धर्तीवर बदललेली, खाली हँडल आणि छोटी सीट असलेली गाडी) बांधावी असं मनात आहे, आणि घरचे म्हणतात ही वेळ नव्हे. माझं उत्तर आहे, घ्या. माझं लग्न मोडत होतं त्या काळात मी अशीच एक गाडी बांधली आणि मला तिचा फार आधार झाला. मात्र कुठलं काम कुठल्या मनःस्थितीत करायचं हे आधी ठरवून ठेवा. बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

या काळात हात नीट चालतात, पण स्वतःच्या निर्णयांवर विसंबता येत नाही. झोप अर्धवट झालेली असते, डोक्यात तीच ती भांडणं पुन्हा चालू असतात. त्यात पुढची तारीख, कागद, समोरच्याचं उत्तर, सगळं दुसऱ्याच्या हातात. गंजलेला बोल्ट वेगळा असतो. त्यावर गंज सोडवणारं तेल मारा, रात्रभर ठेवा, सकाळी थोडी उष्णता द्या, मग बरेचदा तो सुटतो. नाही सुटला तरी त्यात तुमच्याबद्दलचं कुणाचं मत नसतं. मला त्या दिवसांत हीच गोष्ट सगळ्यात जास्त हवी होती.

म्हणून वाईट दिवसांसाठी अशी कामं राखून ठेवा, ज्यांत बिघडण्यासारखं कमी आणि हाताला चाळा जास्त. इंजिनच्या पंखांमधली घाण काढणं, ॲल्युमिनियमची कव्हरं आधी जाड मग बारीक पॉलिश पेपरने घासणं, कार्ब्युरेटर खोलून धुणं. जेटचं (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक तोटीचं) भोक तारेने कोरू नका, ते मोठं होतं आणि पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचं गणित बदलतं. क्लीनर आणि हवेचा दाब वापरा आणि भोक उजेडाकडे धरून बघा. सुटलेला प्रत्येक नट-बोल्ट छोट्या पिशवीत टाका, वर कुठला ते लिहा आणि खोलण्याआधी फोटो काढा. मनावर ताण असताना स्मरणशक्ती दगा देते.

कापाकापी, वेल्डिंग, ब्रेक आणि वायरिंग ही चांगल्या सकाळची कामं. वकिलाचा फोन येऊन गेल्यावर ग्राइंडर हातात घ्यायचा नाही, हा माझा नियम होता आणि तुम्हीही तो कडक पाळा असं मी अगदी कळकळीने सांगते. यांतले काही धोके थकलेल्या डोक्याला दिसतच नाहीत. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते, ती वेल्डिंगच्या ठिणगीने फुटते. क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर वेल्डिंग केलं तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. आणि ज्या जोडावर गाडीचा किंवा तुमचा भार येतो, तो जोड कुशल वेल्डरकडूनच करून घ्या.

सुरुवात कापण्याने करू नका. आधी गाडी आहे तशी चालू करा. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजा, प्लगला ठिणगी येते का बघा, पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचतं का बघा. इंजिन धडधडलं की दोन गोष्टी होतात. पैसे कशात घालतोय ते कळतं, आणि लांबच्या कामाला लागणारा धीर येतो. शक्य तितके दिवस गाडी चाकांवर उभी ठेवा. तुमच्या परिस्थितीत अचानक घर बदलावं लागू शकतं. ढकलत नेता येणारी गाडी तुमच्याबरोबर येते, खोक्यांत भरलेली गाडी बहुतेक वेळा विकली जाते. अशा अर्धवट गाड्या मी पाहिल्या आहेत आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलं आहे.

कॅफे रेसर म्हटलं की सगळ्यांना आधी मागची बाजू कापून छोटी सीट बसवायची असते. पण 1950-60 च्या दशकांतल्या ब्रिटिश पोरांना वेग आणि वळणावरची पकड हवी होती. ट्रायम्फचं इंजिन नॉर्टनच्या फेदरबेड फ्रेममध्ये बसवून केलेली ट्रायटन हा त्याचाच नमुना. म्हणून पहिला खर्च टायर, ब्रेक, फोर्कचं (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचं) तेल, स्टेअरिंगचं बेअरिंग आणि शॉकअब्सॉर्बरवर करा. फोर्क क्लॅम्पमधून वर सरकवून पुढची बाजू खाली आणली की रेक आणि ट्रेल, म्हणजे फोर्कचा तिरकेपणा आणि स्टेअरिंगच्या रेषेमागे टायर किती टेकतो ते अंतर, कमी होतात, गाडी चटकन वळते पण सरळ रस्त्यावर अस्थिर होऊ शकते. नुसतं दिसायला छान म्हणून हे करू नका.

मागची फ्रेम कापण्याआधी शॉकअब्सॉर्बर काढून चाक पूर्ण वर उचला आणि टायर फ्रेमच्या मागच्या टोकाला जोडायच्या नव्या कमानीला किंवा सीटखालच्या वायरिंगला लागत नाही ना ते बघा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. टाकीला लागता कामा नये, ब्रेकची नळी ताणली जाता कामा नये. एअरबॉक्स (हवेच्या फिल्टरची मूळ पेटी) काढून उघडे फिल्टर लावलेत तर जेटिंग, म्हणजे जेटची मापं, पुन्हा जुळवावं लागतं, नाहीतर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, प्लग पांढरा पडतो आणि इंजिन तापतं. रंगाआधी अख्खी गाडी एकदा जोडून बघा. पावडर कोटिंग करणार असाल तर बेअरिंगच्या जागा, आटे आणि अर्थिंगचे बिंदू झाकून घ्या.

वायरिंगला लोक घाबरतात, पण मला ते काम सगळ्यात आवडलं. आधी पूर्ण आकृती कागदावर काढा, प्रत्येक सर्किटला फ्यूज द्या, आणि जोड नीट क्रिम्प करा, म्हणजे पकडीने दाबून घट्ट बसवा. सोल्डरने वायर ताठ होते आणि कंपनांनी तिथेच तुटू शकते. 12 व्होल्टची बॅटरी असेल तर इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर टर्मिनलवर साधारण 14 व्होल्ट दिसायला हवेत.

घरच्यांची काळजी मात्र झटकून टाकू नका. खरेदीचं वकिलाला आधीच सांगा, कारण वाटणीच्या हिशोबात गाडीही येऊ शकते. महिन्याला किती घालायचे ते ठरवा. मुलं असतील तर त्यांची वेळ गाडीला देऊ नका. त्यांनाच नट-बोल्ट वेगळे करायला बसवलंत तर उत्तम. फ्रेममध्ये किती बदल चालतो हे नोंदणीच्या नियमांत बघा आणि फ्रेम व इंजिनवरच्या क्रमांकांना हात लावू नका. आणि जगणं नकोसं वाटत असेल तर गाडीच्या भरवशावर राहू नका. आजच डॉक्टरांशी आणि एखाद्या जवळच्या माणसाशी बोला, आणि तोवर गाडी चालवू नका.

पहिल्या चाचणीआधी गाडी एखाद्या जाणत्या माणसाला तपासायला द्या, कारण स्वतः जोडलेल्या गोष्टी आपल्या नजरेतून सुटतात. ॲक्सलचे नट, ब्रेक कॅलिपरचे बोल्ट, चेनची रेषा, थ्रॉटल सोडल्यावर झटकन परत येतो का, एवढं तर हवंच. चाचणीसाठी मोकळा रस्ता आणि कोर्टाची तारीख नसलेला दिवस निवडा. थोडं अंतर जाऊन परत या, इंजिन गार होऊ द्या आणि सगळे नट-बोल्ट पुन्हा तपासा. नव्याने जोडलेल्या गाडीत काही ना काही ढिलं झालेलं सापडतंच.