आजाऱ्याच्या घरी ख्रिस्तप्रसाद

प्रश्न : आमच्या फादरांनी मला आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत पवित्र केलेली भाकर) न्यायला सांगितलं आहे. प्रापंचिकाला, म्हणजे धर्मगुरू नसलेल्याला, हे चालतं का? काय सांभाळू? (एक वाचक, वसई)

उत्तर : चालतं. व्हॅटिकनने 1973 मध्येच प्रापंचिकांना ही सेवा खुली केली; मात्र बिशपांच्या परवानगीने नेमणूक व्हायला हवी.

आदल्या दिवशी घरी फोन करा : आजारी माणूस जागा कधी असतो, गिळता येतं का? टेबलावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती आणि अर्धी वाटी पाणी ठेवायला सांगा. प्रसाद मोजून छोट्या डबीत घ्या. डबी गळ्यातल्या पिशवीत ठेवा आणि थेट त्या घरी जा. वाटेत बाजार नको, गप्पा नकोत. चूक बहुधा इथेच होते.

घरी गेल्यावर घाई करू नका. शुभवर्तमानाच्या चार ओळी वाचा, ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ सोबत म्हणा. गिळायला त्रास असेल तर नखाएवढा तुकडा द्या, वर चमचाभर पाणी. त्या कणातही ख्रिस्त पूर्ण असतो, हे आजाऱ्यांना समजावून सांगा. ‘मला कमी दिलं’ याचं फार वाईट वाटतं त्यांना. उलट्या होत असतील तर फक्त प्रार्थना करा. आजाऱ्याला आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना प्रसाद घेण्याआधीच्या एक तासाच्या उपवासाची अट नाही.

उरलेला प्रसाद लगेच चर्चमध्ये परत न्या, रात्रभर घरी ठेवू नका. पापनिवेदन किंवा तैलाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा विधी) हवा असेल तर मात्र फादरांनाच बोलवा, तेही शुद्ध हरपण्याआधी.